शेअर फोल्डरमधली डेटाबेस फाइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जिनिंगमधले दिवाणजी, सोसायटीचे गटसचिव, पतसंस्थेतले क्लार्क आणि कृषी केंद्रात बिलं फाडणारी पोरं यांच्यासाठी आहे. तालुक्याच्या गावात बहुतेक ठिकाणी मांडणी सारखीच असते. एका कॉम्प्युटरवर शेअर केलेलं फोल्डर, त्यात अ‍ॅक्सेसची (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) एक फाइल, आणि तीन-चार जण तीच फाइल उघडून काम करतात. वर्षभर कोणी तिच्याकडे पाहत नाही. मग कापूस सुरू होतो, गेटवर गाड्यांची रांग लागते, आणि नेमकी तेव्हाच ती उघडायची थांबते. खालचे प्रश्न लोक फोनवर विचारतात तसेच ठेवले आहेत.

भाऊ, फाइल उघडूनच नाही रायली. 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' म्हणते. डेटा गेला का?

बहुतेक वेळा गेलेला नसतो. पण पुढच्या दहा मिनिटांत घाईघाईने काहीतरी केलं तर जाऊ शकतो, म्हणून आधी हात थांबवा.

पहिल्यांदा तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. तिथे उघडत असेल तर फाइल धड आहे. तुमच्या कॉम्प्युटरवरचं अ‍ॅक्सेस जुनं असलं आणि फाइल नव्या आवृत्तीत बनलेली असली, तरी अगदी हाच संदेश येतो. कुठेच उघडत नसेल तर सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर काढा आणि बिघडलेल्या फाइलची जशी आहे तशी एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. दुरुस्तीच्या नादात फाइल आणखी बिघडते, असं पुष्कळदा होतं. मूळ बिघडलेली प्रत जपलेली असेल तरच दुसरा उपाय करून पाहता येतो.

आता थांबून एक हिशेब करा. काल रात्रीचा बॅकअप चांगला आहे का? आजच्या काटापट्ट्या, पावत्या कागदावर आहेत का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर दुरुस्तीच्या मागे लागूच नका. कालची फाइल जागेवर ठेवा आणि आजच्या नोंदी पुन्हा टाका. दोन तासांचं काम आहे, पण त्यातून निघालेल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. दुरुस्त झालेल्या फाइलबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही.

बॅकअप नसेल तर प्रत आपल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर घ्या, कुठलीही फाइल न उघडता अ‍ॅक्सेस सुरू करा, 'डेटाबेस टूल्स'मध्ये 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर डेटाबेस' निवडा, ती प्रत दाखवा आणि दुरुस्त फाइलला नवं नाव द्या. तेही जमलं नाही तर कोरा डेटाबेस बनवून 'एक्सटर्नल डेटा'मधून एकेक टेबल आत आणा. सहसा सगळी टेबलं येतात आणि एकच अडतं. त्या एका टेबलातल्या नोंदी अपेंड क्वेरीने (एका टेबलातल्या नोंदी दुसऱ्यात भरणारी आज्ञा) तुकड्यातुकड्याने घ्या: पावती क्रमांक १ ते ५,०००, मग ५,००१ ते १०,०००. जो तुकडा अडेल तो आणखी लहान करत जा. शेवटी एखाद-दुसरी फुटकी नोंद उरते, ती कागदावरून लिहून काढा.

पण हे होते काहून? मागच्या महिन्यातच दुरुस्त केली होती.

दुरुस्तीने फाइल नीट झाली, कारण तसंच राहिलं. हा भाग नीट समजून घ्या, कारण बाकीची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

शेअर फोल्डरमधली अ‍ॅक्सेसची फाइल म्हणजे सर्व्हर नव्हे. खऱ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये तुमचा कॉम्प्युटर फक्त विनंती पाठवतो, फाइलमध्ये लिहितो तो सर्व्हर एकटा. अ‍ॅक्सेसमध्ये मधे कोणीच नाही. काट्यावरचा, ऑफिसातला, मालकाच्या केबिनमधला असा प्रत्येक कॉम्प्युटर केबलमधून येऊन थेट त्या फाइलमध्ये लिहितो. फाइल ४ केबीच्या पानांची बनलेली असते. एक पावती टाकली की टेबलाचं पान बदलतं, इंडेक्सची (नोंद पटकन शोधायची सूची) पानं बदलतात. त्यातली दोन पानं लिहून झाली आणि तिसऱ्याच्या आधी जोडणी तुटली, तर फाइल अर्धवट अवस्थेत राहते.

जोडणी तोडणारा पहिला संशयित म्हणजे लाइन, अर्थात वीज. लोक म्हणतात, आमच्याकडे तर सगळ्या कॉम्प्युटरला यूपीएस आहे. मग टेबलाखाली वाकून पाहा: ज्या छोट्या नेटवर्क स्विचमध्ये सगळ्या केबल्स येतात, त्याचा अ‍ॅडॉप्टर कुठे लावलाय? दहापैकी निम्म्या ठिकाणी तो भिंतीवरच्या साध्या बोर्डात असतो. लाइन जाते, कॉम्प्युटर सगळे चालू राहतात, पडदे उजळलेले असतात, आणि स्विचचे दिवे विझलेले. त्या क्षणी जो पावती सेव्ह करत होता त्याचं लिखाण अर्धवट राहिलं. कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण कॉम्प्युटर तर बंद पडलाच नाही! स्विच यूपीएसवर घ्या. याच्याइतका स्वस्त इलाज या पानावर दुसरा नाही.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का ते पाहा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला किंचित जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो.

दुसरा संशयित वाय-फाय. अ‍ॅक्सेसची सामाईक फाइल वाय-फायवरून चालवू नका. इंटरनेट क्षणभर अडखळलं तर वेबसाइट उशिरा उघडते, एवढंच. इथे तेवढ्यानेच फाइल बिघडते. तिसरा, ज्या कॉम्प्युटरवर फाइल आहे तोच झोपी जाणं. त्याचा स्लीप कायमचा बंद करा, नेटवर्क कार्डच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी काढून घ्या, आणि विंडोज अपडेटचे 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' कामाच्या वेळेप्रमाणे लावा. चौथा, माणूस: प्रोग्राम अडकला की सरळ पॉवरचं बटण दाबणारा. त्याला प्रेमाने समजवा, पण समजवाच.

काट्याची केबिन गेटवर आहे, ऑफिस लांब. तिथला कॉम्प्युटरच घडीघडी तुटते.

तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. जिनिंगच्या आवारात गेटपासून ऑफिसपर्यंत, तेही गंजीच्या ढिगांना वळसा घालून, केबल सहज त्याच्या पुढे जाते. चालते, पण मधूनच सुटते. आणि उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल म्हणजे मृगाच्या विजांना आमंत्रण. जवळपास वीज पडली की दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात.

इथे फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल जोडणारा डबा) लावा. फायबरला हे अंतर काहीच नाही आणि त्यातून विजेचा झटका येत नाही. खर्च एकदाच होतो. फायबर शक्य नसेल तर ऑफिसात एक कॉम्प्युटर काट्यासाठीच ठेवा आणि केबिनमधून रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करा. जोडणी तुटली तरी फाइलमध्ये लिहिणारा कॉम्प्युटर ऑफिसातच असतो, त्यामुळे लिखाण अर्धवट राहत नाही. ऑफिसातल्या त्या कॉम्प्युटरवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, आणि केबिनमधून कोणी त्यावर असेल तेव्हा समोर बसून दुसऱ्याला काम करता येत नाही.

केबिनमधल्या कॉम्प्युटरचा पंखाही दर आठवड्याला साफ करा. रुईचा भुरका आत जाऊन गादीसारखा बसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा असं मशीन कधीही बंद पडेल.

कोणीच आत नाही, तरी 'फाइल ऑलरेडी इन यूज' म्हणते.

मुख्य फाइलच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी एलएसीसीडीबी असलेली एक छोटी फाइल दिसेल. जुन्या एमडीबी फाइलला ती एलडीबी असते. ही लॉक फाइल. पहिला माणूस आत आला की ती बनते, शेवटचा बाहेर पडला की आपोआप पुसली जाते. नोटपॅडमध्ये उघडली तर त्यात कॉम्प्युटरची नावं वाचता येतात. पण त्यावर पूर्ण विसंबू नका, बाहेर पडलेल्यांची नावंही तिच्यात तशीच राहतात.

खरी यादी फाइल असलेल्या कॉम्प्युटरवर मिळते: 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट', मग 'शेअर्ड फोल्डर्स', मग 'ओपन फाइल्स'. तिथे कोणाचं नाव दिसलं तर त्या माणसाकडे जा. जेवायला गेलेल्याचा प्रोग्राम मिनिमाइज केलेला असतो, हे सगळ्यात जास्त आढळतं. यादीत उजवं क्लिक करून फाइल जबरदस्तीने बंद करण्याची सोय आहे, पण तसं करणं आणि चालू लिखाणात केबल ओढणं एकच. तो कॉम्प्युटर खरंच बंद आहे याची खात्री असेल तरच करा.

यादी रिकामी आहे आणि लॉक फाइल तशीच आहे? मग ती पुसा. पुसू देत नसेल तर कोणीतरी अजून आत आहे.

मी उघडली की बाकीच्यांना 'रीड-ओन्ली' दिसते.

फोल्डरची परवानगी अपुरी आहे. फाइलमध्ये लिहिण्याची मुभा पुरत नाही, त्या फोल्डरमध्ये लॉक फाइल बनवण्याची आणि पुसण्याचीही मुभा प्रत्येकाला लागते. शेअरिंगमध्ये आणि 'सिक्युरिटी'मध्ये, दोन्हीकडे 'मॉडिफाय'पर्यंत परवानगी द्या. एकीकडेच दिली तर चालत नाही. शिवाय अ‍ॅक्सेसच्या 'क्लायंट सेटिंग्ज'मध्ये 'डिफॉल्ट ओपन मोड' हा 'शेअर्ड' ठेवा.

सकाळी शेअर फोल्डरच्या ड्राइव्हवर लाल फुली दिसते.

बहुधा फाइल असलेला कॉम्प्युटर नंतर सुरू झाला. तो आधी सुरू करायचा, हा नियम करा. ड्राइव्ह आयपी क्रमांकाने जोडली असेल तर राउटरने क्रमांक बदलला असेल. कॉम्प्युटरच्या नावाने जोडा. नेटवर्क 'पब्लिक' झालं असेल तर 'प्रायव्हेट' करा.

कॉम्पॅक्ट किती दिवसांनी करायचं? मले तर सांगितलं होतं की रोज करा.

रोज नको. नोंद पुसली तरी तिची जागा फाइलमध्ये अडकून राहते. कॉम्पॅक्ट ती मोकळी करतं आणि इंडेक्स नव्याने रचतं. हंगामात महिन्यातून एकदा पुरे. मोठी सफाई दसऱ्याच्या आधी करा. सोसायट्यांनी खरीप कर्जवाटप सुरू होण्याआधी आणि पतसंस्थांनी मार्च अखेरच्या आधी एकदा करावी. ३१ मार्चच्या संध्याकाळी मात्र अजिबात नाही.

आता पद्धत. नेटवर्कवरून कॉम्पॅक्ट करू नका. कॉम्पॅक्ट फाइलमध्ये जागच्या जागी बदल करत नाही. ते शेजारी पूर्ण नवी फाइल लिहितं, मग जुनी पुसून नवीला तिचं नाव देतं. हे सगळं केबलमधून होत असताना लाइन गेली तर काय होईल, ते सांगायला नको. सगळे बाहेर पडल्यावर फाइल लोकल डिस्कवर आणा, जुनीचं नाव बदलून तारखेसह ठेवा, लोकल प्रत कॉम्पॅक्ट करा, तपासा आणि परत जागेवर ठेवा. डिस्कवर फाइलच्या किमान दुप्पट जागा मोकळी असू द्या. सामाईक फाइलवर 'कॉम्पॅक्ट ऑन क्लोज' ही खूण कधीच लावू नका.

फोल्डरमध्ये डीबी१ नावाची एमडीबी फाइल दिसली तर समजा की कधीतरी कॉम्पॅक्ट अर्ध्यात थांबलं होतं. मुख्य फाइल धड असल्याची खात्री होईपर्यंत तिला हात लावू नका.

कॉम्पॅक्ट झालं, फाइल उघडली. झालं ना मग?

नाही, आणि इथेच लोक फसतात. दुरुस्ती करताना अ‍ॅक्सेस जी नोंद वाचू शकत नाही ती सोडून देतं. म्हणून दुरुस्तीच्या आधी, किंवा शेवटच्या बॅकअपमधून, प्रत्येक मुख्य टेबलातल्या नोंदींची संख्या आणि वजनाची, रकमेची बेरीज कागदावर घ्या. नंतर पडताळा. एमसिस-कॉम्पॅक्ट-एरर नावाचं टेबल नवीन दिसलं तर ते उघडा, काय काय सुटलं ते त्यात असतं. टेबलांची प्रायमरी की (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारा रकाना) आणि रिलेशनशिप (टेबलांची आपसातली जोडणी) हेही जागेवर आहेत का पाहा. एकच पावती क्रमांक दोनदा सापडला तर दुरुस्ती इंडेक्सच टाकून देऊ शकते. मग प्रोग्राम चालतो, पण एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या बिनबोभाट स्वीकारतो. शेतकऱ्याचं चुकाऱ्याचं पेमेंट त्या आकड्यावर अवलंबून असतं, तेव्हा ही पडताळणी टाळू नका.

फाइल दीड जीबीची झाली. काही होईल का?

२ जीबीला भिंत आहे. तिथे पोहोचल्यावर अ‍ॅक्सेस 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' असा भलताच संदेश देतं आणि लोक भलतीकडेच शोधत बसतात. कॉम्पॅक्ट करूनही आकार उतरत नसेल तर आत काय ठेवलंय ते पाहा. बहुतेक वेळा सातबारा, आधार, पासबुकाचे स्कॅन टेबलातच चिकटवलेले असतात. ते बाहेर फोल्डरमध्ये काढा आणि टेबलात फक्त फाइलचा पत्ता ठेवा. जुनी वर्षं वेगळ्या फाइलमध्ये हलवली तरी जागा होते.

फॉर्म, रिपोर्ट सगळं एकाच फाइलमध्ये आहे. चालते का?

चालतं, पण चालवू नका. 'डेटाबेस टूल्स'मधल्या 'अ‍ॅक्सेस डेटाबेस'ने फाइल दोन भागांत होते. टेबलं शेअर फोल्डरमध्ये राहतात, फॉर्म आणि रिपोर्ट वेगळ्या फाइलमध्ये जातात. ही दुसरी फाइल प्रत्येक कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर द्या. सगळ्यांनी एकच फॉर्मची फाइल शेअरवरून उघडली तर विभागणीचा अर्धा फायदा वाया जातो.

सगळं नीट आहे, लाइनही गेली नाही, तरी 'इनकन्सिस्टंट स्टेट' येते.

२०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटनंतर ही तक्रार जगभर वाढली. शेअर फाइलचा काही भाग कॉम्प्युटर आपल्यापाशी उसना ठेवतो, त्याला लीजिंग म्हणतात. त्यात आणि अ‍ॅक्सेसमध्ये मेळ बसेना. मायक्रोसॉफ्टनेच दिलेला उपाय असा: फाइल असलेल्या कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये 'डिसेबललीजिंग' नावाची डीवर्ड व्हॅल्यू १ करायची आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. रजिस्ट्रीची सवय नसेल तर जाणकाराला बसवा. त्याआधी स्विच आणि केबल मात्र तपासूनच घ्या, ते सोडून थेट रजिस्ट्रीकडे धावू नका.

फाइल गूगल ड्राइव्ह नाहीतर वनड्राइव्हमध्ये ठेवली तर?

नको. तिथे प्रत्येकाकडे फाइलची वेगळी प्रत असते. दोघांनी लिहिलं की एकाचं लिखाण जातं, किंवा दोन फाइली होतात. बंद केलेल्या फाइलचा बॅकअप ठेवायला मात्र ही जागा चांगली.

शेतकऱ्यांची नावं एबीसीडीची खिचडी दिसून रायली. फाइल करप्ट झाली का?

फाइल ठीक आहे, फॉन्ट गेला आहे. जुन्या प्रोग्राममध्ये नावं कृतिदेव, श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या फॉन्टमध्ये टाकलेली असतात. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फॉन्ट टाका, नावं परत येतील. त्याच रकान्यात नवी नावं युनिकोडमध्ये (मोबाइलवर चालतं तसं आजचं मराठी टायपिंग) भरू नका. शोधताना अर्धे शेतकरी सापडणार नाहीत. बदलायचंच तर सगळा रकाना एकदम, प्रतीवर बदलून पाहा. खरी बिघडलेली नोंद वेगळी दिसते: सगळ्या रकान्यांत 'डिलिटेड' येतं किंवा चिनी अक्षरं भरलेली असतात.

आमचा प्रोग्राम तर फॉक्सप्रोचा आहे.

फॉक्सप्रो हा मायक्रोसॉफ्टचाच जुना डेटाबेस प्रोग्राम, तत्त्व तेच. यादीत नोंदी मागेपुढे दिसणं, शोधल्यावर न सापडणं हे बहुधा सीडीएक्स इंडेक्स फाइलचं दुखणं असतं, रीइंडेक्स केलं की जातं. 'पॅक' मात्र विचार करून चालवा. पुसलेली खूण लागलेल्या नोंदी तोपर्यंत परत आणता येतात, पॅकनंतर नाही. प्रत घेताना डीबीएफ, सीडीएक्स आणि एफपीटी तिन्ही सोबत घ्या. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच थांबवला, तेव्हा पुढची सोय पाहायला लागा.

बॅकअप पेनड्राइव्हवर घेतो, पुरेसं आहे ना?

तीन गोष्टी विचारतो. सगळे बाहेर असताना, लॉक फाइल गेल्यावर घेता का? नाहीतर प्रत अर्धवट असू शकते. जुन्यावर नवी चढवता, की नावात तारीख घालून वेगळी ठेवता? एकच प्रत असेल तर आजची बिघडलेली फाइल कालच्या चांगलीवर बसते. आणि पेनड्राइव्ह कॉम्प्युटरलाच लावून ठेवता का? फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस आला तर तोही जातो. रोजची प्रत, आठवड्याची प्रत, आणि एक घरी. महिन्यातून एकदा एखादी जुनी प्रत उघडून त्या दिवसाच्या बेरजा जुळतात का पाहा. न उघडलेला बॅकअप आहे असं मी धरत नाही.

आमची सोसायटी नव्या सरकारी प्रणालीत गेली. जुनी फाइल पुसू का?

पुसू नका. प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्राने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली आणि तेव्हापासून खाती नव्या प्रणालीत जात आहेत. पण मागच्या वर्षांचा तपशील जुन्याच फाइलमध्ये असतो, आणि सहकार कायद्याच्या कलम ८१ खालच्या लेखापरीक्षणात किंवा सभासदाच्या वादात तोच मागितला जातो. फाइल रीड-ओन्ली करा, ज्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडते ते चालू असलेला एक कॉम्प्युटर जपा, आणि सभासदनिहाय खातेउतारे पीडीएफमध्ये काढून ठेवा.

मग सर्व्हर कधी घ्यावा?

सगळं नीट करूनही हंगामात फाइल पुन्हा बिघडली, एकाच वेळी लिहिणारे आठ-दहाच्या वर गेले, किंवा पैशाचे व्यवहार त्यात असतील, तर आता घ्या. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस सर्व्हर फुकट आहे; २०२२ च्या आवृत्तीपर्यंत त्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, तालुक्याच्या कामाला ती पुरते. फॉर्म आणि रिपोर्ट अ‍ॅक्सेसचेच राहू शकतात, टेबलं तेवढी सर्व्हरवर जातात. त्यामुळे काम करणाऱ्यांना नवं काही शिकावं लागत नाही. लाइन गेली तर अर्धवट व्यवहार सर्व्हर स्वतः मागे घेतो. मोठी मशीन लागत नाही, पण यूपीएस लागतोच.

हे काम जिनिंगमध्ये उन्हाळ्यात काढा, गेट बंद असताना. मागच्या हंगामातला एखादा गर्दीचा दिवस निवडा, त्या दिवसाच्या सगळ्या काटापट्ट्या नव्या मांडणीत टाका, आणि क्विंटल-किलोपर्यंत बेरीज जुळल्याशिवाय जुनी फाइल बंद करू नका.